कॅसेटच्या कव्हरवरचा सातबारा

मुंबईच्या काळा घोडा भागातले ऱ्हिदम हाऊस फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस बंद झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्यावर भरभरून लिहिले. नामवंत गायक-वादकांनी आठवणी सांगितल्या. पुण्यात कर्वे रस्त्यावरचे अलूरकर म्युझिक हाऊस आज नाही, याबद्दलही रसिक हळहळतात. ती हळहळ रास्तच आहे, कारण त्या दुकानाने नुसत्या कॅसेटी विकल्या नाहीत, तर गायकांचे आणि साहित्यिकांचे आवाज स्वतः मुद्रित करून जपले. पण त्याच कर्वे रस्त्याने कर्वेनगर ओलांडून पुढे वारज्यात आले, की माळवाडीत आणि रामनगरच्या तोंडाशी कॅसेटची जी लहान लहान दुकाने होती, ती कधी बंद झाली याची दोन ओळींची बातमीही कुठे छापून आली नाही. ज्या दुकानांत अभिजनांचे संगीत होते त्यांच्यावर मृत्युलेख निघाले. ज्या दुकानांत आमचे संगीत होते तिथे आता मोबाईलची कव्हरे मिळतात.

आम्ही हे गतकाळाच्या आठवणीने गहिवरून लिहीत नाही. दुकाने येतात आणि जातात. प्रश्न असा आहे की, त्या दुकानांबरोबर आमचे नेमके काय गेले, आणि त्यातले काय अजून वाचवता येईल?

वारजे हे मूळचे मुठेकाठचे शेतीचे गाव. शहर वाढत आले, एनडीए रस्ता आणि महामार्गाचा बाह्यवळण रस्ता यांच्या आधाराने वस्ती दाटत गेली आणि दुष्काळी भागांतून आलेली कष्टकरी माणसे रामनगर, गोकुळनगर पठार अशा वस्त्यांत स्थिरावली. बांधकामावर जाणारी, झाडूकाम करणारी, चार घरची धुणीभांडी करणारी ही माणसे. त्यांच्या घरात पहिली चैनीची वस्तू आली ती बहुधा टेपरेकॉर्डर. त्या टेपला खाद्य पुरवणारे दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. एका बाजूला रेडिओ-टेप दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला भिंतभर कॅसेटी. आषाढात विठ्ठलाची गाणी पुढच्या फळीवर यायची, भाद्रपदात गणपतीची, आणि मार्च संपत आला की भीमगीतांच्या नव्या कॅसेटी दर्शनी भागात लागायच्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज मात्र दोन्ही फळ्यांवर असायचा. ज्यांना वस्तीत पाय ठेवायचा नव्हता तेही त्यांची विठ्ठलाची गाणी घरी नेत, आणि वस्ती त्यांची भीमगीते नेत असे. हा विरोधाभास त्या दुकानात रोज उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळत असे.

यामागचा इतिहास नव्या पिढीला सांगितला पाहिजे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचवण्याचे काम या जलशांनी केले. पुढे जलशांच्या जागी गायन पार्ट्या आल्या, कव्वालीचे मुकाबले आले. वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप अशा माणसांनी रात्र रात्र जागवल्या. पण हे सारे ज्या रात्री गायले गेले त्याच रात्री हवेत विरले. कारण तोवर या देशात ध्वनिमुद्रिका काढणे हा जवळजवळ एकाच कंपनीचा, म्हणजे एचएमव्हीचा, धंदा होता. कोणाचा आवाज तबकडीवर जायचा आणि कोणाचा नाही, हे ठरवणारी माणसे आमच्या वस्तीत राहत नव्हती. तबकडी महाग आणि ती वाजवणारे यंत्र त्याहून महाग.

फिलिप्सने १९६३ साली जगापुढे आणलेली कॅसेट आपल्याकडे घरोघर पोचली ती १९८० च्या दशकात. आखाती देशांत कामाला गेलेल्यांनी टेपरेकॉर्डर आणले, मग देशातच स्वस्त टेप बनू लागले. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने कॅसेटची किंमत खाली आणली आणि एका कंपनीची मक्तेदारी मोडली. त्या वेळच्या कॉपीराइट कायद्यातही एक वाट होती. एकदा मुद्रित झालेले गाणे, ठरावीक मुदतीनंतर नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून, दुसऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेता येत असे. या धंद्यात नफेखोरी होती, चोऱ्याही होत्या, हे आम्ही नाकारत नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, थोड्या भांडवलात कॅसेट काढणे शक्य झाले. एका दिवसात स्टुडिओत आठ-दहा गाणी मुद्रित करायची, त्यांच्या प्रती काढायच्या आणि चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, देहूरोडच्या विहारापाशी पथारी लावून विकायच्या. १९९०-९१ च्या बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या आसपास या कॅसेटींचे पीक किती जोमाने आले होते, हे आमच्या वयाच्या प्रत्येकाला आठवत असेल. उच्चवर्णीयांच्या कोणत्याही संस्थेची परवानगी न घेता, आकाशवाणीच्या दारात ताटकळत न राहता, चळवळीने आपला आवाज स्वतः मुद्रित केला, स्वतः विकला आणि स्वतः विकत घेतला. स्वाभिमानाच्या चळवळीतला हा एक मोठा टप्पा आहे. त्याची नोंद मात्र आपल्या इतिहासलेखनात फार थोडी झाली आहे.

या साखळीत दुकानदार हा केवळ विक्रेता नव्हता. कोणती नवी कॅसेट आली, ती कोणी लिहिली, यातले कोणते गाणे जुनेच आहे आणि फक्त गायक बदलला आहे, हे तो सांगू शकत असे. गिऱ्हाईक म्हणायचे, "ते वामनदादांचे द्या, पण जुन्या आवाजातले." आणि तो नेमकी तीच कॅसेट काढून देत असे. त्याच्याकडे पदवी नव्हती, पण भीमगीतांचा असा जाणकार कोणत्याही विद्यापीठाने पगार देऊन ठेवलेला नव्हता.

आणि त्या कॅसेटबरोबर एक कागद मिळत असे. कव्हरमधला घडी घातलेला कागद. पुढे बाबासाहेबांचे किंवा तथागतांचे चित्र. आत बाजू अ, बाजू ब, गाण्यांची यादी, गायक, गीतकार, संगीत, कंपनीचा पत्ता. कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५२अ सांगते की, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष वेष्टनावर छापलेच पाहिजे. गीतकाराचे नाव छापणे ही त्यापलीकडची रीत होती, आणि बहुतेक कंपन्या ती पाळत. आम्हाला तो कागद शेतकऱ्याच्या सातबाऱ्यासारखा वाटतो. जमीन कोणाची हे सातबारा सांगतो, गाणे कोणाचे हे तो कागद सांगत होता.

पुढे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले. २००४ साली १५ मे रोजी वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. अवघ्या दीड महिन्यात भीमगीतांचे दोन आधारस्तंभ कोसळले. त्याच सुमारास कॅसेटही मावळू लागली होती. आधी सीडी आली, मग एमपीथ्रीची तबकडी. शंभर-शंभर गाणी एका तबकडीवर, आणि कव्हरवर नाव फक्त एवढेच की 'सुपरहिट भीमगीते'. आतला कागद तेव्हाच गेला. मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागले. तिथे तर कव्हरही नव्हते. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि कार्ड भरून घेण्याचीही गरज उरली नाही. प्रत्येक टप्प्यावर गाणे स्वस्त होत गेले, जास्त लोकांपर्यंत गेले, आणि प्रत्येक टप्प्यावर गाणाऱ्या-लिहिणाऱ्याचे नाव पुसट होत गेले.

आम्ही नव्या माध्यमाच्या विरोधात नाही. औरंगाबादच्या कडूबाई खरात यांचा आवाज कोणत्याही कॅसेट कंपनीने शोधून काढला नव्हता. तो मोबाईलवरून लोकांनीच एकमेकांपर्यंत पोचवला. वारज्यातला एखादा पोरगा आज घरी गाणे मुद्रित करून संध्याकाळी जगापुढे ठेवू शकतो, आणि त्यासाठी त्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. ही मोठी गोष्ट आहे. पण ज्या यंत्रणेवर ते गाणे जाते तिची मालकी आपली नाही, तिचे हिशेब आपल्याला दिसत नाहीत, आणि तिथे जो आधी गाणे चढवेल तोच धनी ठरल्यासारखा वावरतो. मक्तेदारी मोडून कॅसेट आली होती. कॅसेट गेल्यावर मक्तेदारी नव्या रूपात परत आली आहे.

याचे परिणाम कसे होतात हे वकिली करताना आम्ही जवळून पाहिले. एका दिवंगत गीतकाराच्या पत्नी आमच्याकडे आल्या. वय सत्तरीच्या पुढचे, हातात पिशवी, पिशवीत पाच कॅसेटी. नातवाने मोबाईलवर आजोबांचे गाणे लावले होते. लाखो लोकांनी ते ऐकलेले होते. पण गीतकाराच्या जागी लिहिले होते 'पारंपरिक'. ज्या माणसाने गिरणीची पाळी संपवून रात्री कंदिलाच्या उजेडात ते गाणे लिहिले, तो माणूस परंपरेत जमा झाला होता! त्या माउली म्हणाल्या, "वकीलसाहेब, पैसे मिळतील तर मिळतील. पण त्यांचं नाव तरी लावा." त्यांच्याकडे करारनामा नव्हता, पावती नव्हती, हस्तलिखित घरातल्या गळक्या छपराने खाल्ले होते. पुरावा एकच होता, वारज्यातल्या एका दुकानातून घेतलेल्या कॅसेटच्या कव्हरमधला तो कागद. त्यावर पतीचे नाव स्पष्ट छापलेले होते. त्या कागदाच्या बळावर आम्ही नोटीस पाठवली आणि नाव लागले. पैशाचा प्रश्न अजून भिजत पडला आहे. पण तो कागद नसता तर आम्ही काय दाखवले असते?

'पारंपरिक' हा शब्द म्हणूनच आम्हाला निरुपद्रवी वाटत नाही. या देशात ज्यांची निर्मिती लुटली गेली त्यांची नावे नेहमी याच शब्दाखाली गाडली गेली. उच्चवर्णीयाने लिहिले तर तो कवी, आमच्या माणसाने लिहिले तर ते लोकगीत! भीमगीतांना लिहिणारे हात होते. त्यांतले काही आज प्रसिद्ध आहेत. २०२२ साली निवर्तलेल्या हरेंद्र जाधव यांच्यासारख्यांची नावे जाणकारांना ठाऊक आहेत. पण शेकडो नावे अशी आहेत की जी फक्त त्या कागदांवर उरली आहेत.

असेच दूर अमेरिकेतही घडले. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्यावर बॉबी रॉबिन्सन या काळ्या माणसाने १९४६ साली रेकॉर्डचे दुकान काढले. त्या रस्त्यावर काळ्या माणसाच्या मालकीची दुकाने जवळजवळ नव्हतीच, त्या काळात. पुढे त्याने स्वतःच्या कंपन्या काढून काळ्या गायकांची गाणी मुद्रित केली. २००८ साली जागेच्या व्यवहारात ते दुकान बंद पडले. गंमत अशी की, त्याच २००८ साली अमेरिकेत स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांचा वार्षिक दिवस साजरा होऊ लागला, आणि २०२२ मध्ये तिथे विनाइल तबकड्या सीडींपेक्षा जास्त संख्येने विकल्या गेल्या. म्हणजे जुनी तबकडी हौशी लोकांसाठी पुन्हा आली. हार्लेमचे ते दुकान मात्र आले नाही. आपल्याकडेही उद्या कोणी हौशी माणूस जुन्या कॅसेटी काचेच्या कपाटात मांडील. त्यात आमच्या गीतकारांना जागा असेल, असे मानण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले. त्या कामासाठीही समाजाला पाठपुरावा करावा लागला, आणि खंडांचे प्रकाशन रखडल्याची दखल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. कागदाची ही गत, तर आवाजाचे काय? चळवळीच्या आवाजाचा असा एकही खंड नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला, आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो, कारण आनंद पटवर्धन यांनी तो आपल्या चित्रपटांसाठी मुद्रित करून ठेवला होता. ज्यांच्याकडे कॅमेरा घेऊन कोणी गेले नाही अशा शाहिरांचा आवाज त्या कॅसेटींतच आहे. आणि कॅसेट ही काही अमर वस्तू नाही. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या फितीला बुरशी लागते, ती चिकटते, तुटते. दरवर्षी काही आवाज कायमचे जात आहेत.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. कारण कायदा हे बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेले शस्त्र आहे, आणि ते म्यानात ठेवण्यासाठी दिलेले नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, हक्क विकून टाकले असले तरी आपले नाव लावून घेण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो त्याच्या वारसांनाही बजावता येतो. गीताचा हक्क गीतकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. तोंडी व्यवहाराला किंमत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी दिल्या. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणासाठी गीत दिले तरी त्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत गीतकाराचा समान वाटा राहतो. आणि करार करताना जे माध्यम व्यापारी वापरातच नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल तर त्या माध्यमाचा हक्क दिला गेला असे धरले जात नाही. १९८८ साली कॅसेटसाठी केलेल्या करारात इंटरनेट कुठून येणार? दुरुस्तीपूर्वीच्या करारांना ही तरतूद कितपत लागू होते यावर कंपन्यांचे वकील वाद घालतील; घालू द्या. पण वाद घालायला आपल्या बाजूने कोणी तरी उभे राहिले पाहिजे, आणि उभे राहणाऱ्याच्या हातात कागद पाहिजे.

याच दुरुस्तीने आलेले आणखी एक कलम आपल्या विहारांनी वाचले पाहिजे. कलम ५२(१)(ढ) म्हणून मराठीत लिहावे की काय याचा घोळ नको, इंग्रजी 'एन' अक्षराचे ते उपकलम आहे. सर्वांना खुल्या आणि नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची जुनी प्रत असेल, तर जतन करण्यासाठी तिची संगणकीय प्रत ठेवणे हा हक्कभंग नाही, असे ते सांगते. म्हणजे बुद्धविहाराला जोडलेले वाचनालय खरोखर सर्वांना खुले असेल, तर दान मिळालेल्या कॅसेटी संगणकावर उतरवून जतन करण्याला कायद्याचा आधार मिळू शकतो. हक्कधारकाच्या संमतीशिवाय त्या इंटरनेटवर चढवणे मात्र यात बसत नाही. जतन करणे वेगळे आणि प्रसारित करणे वेगळे, हा फरक कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात आपल्या विहारांत रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्या तीन महिन्यांत आठवड्यातली एक संध्याकाळ वाचनानंतर या कामाला द्यावी. प्रत्येकाने घरातल्या कॅसेटी घेऊन याव्यात. एक वही करावी : कॅसेटचे नाव, गायक, गीतकार, संगीत, कंपनी, वर्ष, आणि ती कोणाच्या घरातून आली. कव्हरच्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा. हे काम मोबाईल असलेली शाळकरी मुलगीही करू शकते. एक चालू स्थितीतला टेप, एक वायर आणि एक संगणक यांवर साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटांत उतरते. यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांची दुकाने बंद झाली ते दुकानदार अजून आपल्यात आहेत. त्यांना मानाने बोलावून बसवावे. कव्हर हरवलेल्या कॅसेटीतला आवाज कोणाचा आणि शब्द कोणाचे, हे ओळखणारी ती शेवटची माणसे आहेत.

गीतकारांच्या कुटुंबांनी वारसांची कागदपत्रे तयार ठेवावीत आणि गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचे काम पाहणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत गीतांची नोंद करून घ्यावी. नव्या गायक-गीतकारांनी 'सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी' असे लिहिलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये. वस्तीतल्या वकिलांनी अशा करारांसाठी फी मागू नये. आणि जे तरुण गाणी इंटरनेटवर टाकतात त्यांनी हक्कधारकाची संमती घ्यावी, गीतकाराचे नाव शोधून लिहावे. नाव सापडले नाही तर 'गीतकार माहीत नाही' असे लिहावे, पण 'पारंपरिक' लिहू नये.

वारज्यातली ती दुकाने परत येणार नाहीत, आणि यावीत असा आमचा आग्रहही नाही. त्या दुकानांनी विकलेल्या कॅसेटी मात्र आजही आपल्या माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत, गावाकडच्या फडताळात आहेत. पहिल्या पावसाआधी त्या खाली उतरवा, फडक्याने पुसा आणि विहारात घेऊन या.